पाच नंबरचा शर्ट

३१ जुलै २००४. शनिवार होता. बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला काकांच्या घरामागच्या अंगणात आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. गणपतीच्या कार्यक्रमाची बैठक हे निमित्त, पण सगळे आले होते कणसांसाठी. काका कोळशावर कणसं भाजत होते, काकू एकेकावर लिंबू आणि तिखट-मीठ चोळून देत होत्या. खिडकीच्या कठड्यावर रेडिओ ठेवलेला. त्यावर सकाळपासून एकच विषय चालला होता.

चार वाजून थोडा वेळ गेला असेल. काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "गेला."

कोण गेलं म्हणून काकू घाबरून पुढे आल्या. काका म्हणाले, "नोमार. शिकागोला पाठवला."

नोमार गार्सियापारा म्हणजे आमच्या बॉस्टनच्या बेसबॉल संघाचा, रेड सॉक्सचा, लाडका खेळाडू. अंगणात एकदम सगळे बोलायला लागले. माझी मुलगी त्या वेळी आठ वर्षांची होती. तिच्या अंगात लाल शर्ट होता, पाठीवर पाच नंबर आणि वर गार्सियापारा हे लांबलचक आडनाव. ते आडनाव शर्टावर इतकं पसरायचं की तिच्या दोन्ही खांद्यांना टेकायचं. कणीस हातात धरून ती उभी होती. तिने मला विचारलं, "आई, त्याला विचारलं का त्यांनी?"

नव्हतं विचारलं. बेसबॉलमध्ये विचारत नाहीत. खेळाडूच्या करारात नकाराचा हक्क लिहिलेला नसेल, किंवा मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झालेली नसतील, तर मालक त्याला कुठेही पाठवू शकतात. दुपारपर्यंत एका संघात असतो, संध्याकाळी दुसऱ्या. तेव्हा ३१ जुलैला दुपारी चार वाजता मोकळ्या अदलाबदलीचा बाजार बंद व्हायचा, म्हणून त्या दिवशी सगळ्या अमेरिकेत ही धावपळ. मुलीला मी एवढंच म्हणाले, "नाही गं." तिने कणीस परत ताटात ठेवलं.

हा माणूस आमच्या घरात कसा आला ते सांगायला हवं. आम्ही १९९७ च्या मार्चमध्ये सांगलीहून बॉस्टनला आलो. मुलगी जेमतेम एक वर्षाची. आल्यावर पंधरा दिवसांत, १ एप्रिलला, दोन फुटांहून जास्त बर्फ पडला. खिडकीचा खालचा भाग बुजून गेला आणि मी मांडीवर बाळ घेऊन टीव्ही लावून बसले. बाहेर ते बर्फ आणि टीव्हीवर बेसबॉलचा मोसम सुरू झालेला. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझे वडील रेडिओला कान लावून कसोटी सामने ऐकणारे, त्यामुळे बॅट आणि चेंडू दिसला की नजर आपोआप थांबायची, एवढंच.

मग हा दिसला. बारीक अंगाचा, लांब नाकाचा शॉर्टस्टॉप. बेस म्हणजे मैदानाचे चार कोपरे, बॅटिंग करणाऱ्याने पळत एकेक गाठायचे, चौथा गाठला की धाव. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याच अंगावर येतात. हा बॅटिंगला आला की प्रत्येक चेंडूआधी दोन्ही हातमोज्यांचे पट्टे ओढायचा. डावा, उजवा, परत डावा, परत उजवा. मग बुटांची टोकं जमिनीवर आपटायची, एकदा हे, एकदा ते. माझे आजोबा संध्येला बसले की आचमनापासून सगळं ठरल्या क्रमाने व्हायचं, मधे कुणी बोललं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तसंच हे. माझ्या मांडीवरची पोर ते बघून स्वतःच्या झबल्याच्या बाह्या ओढायला लागली. "आई" आणि "बाबा"नंतर तिला जो तिसरा शब्द आला तो "नोमा". बॉस्टनचे लोक शेवटचा र उच्चारतच नाहीत, सगळं मैदान "नोमाऽऽ" असं ओरडायचं, त्यामुळे तिचा उच्चार इथल्या माणसांसारखा अगदी बरोबर होता.

त्याच्या वडिलांचं नाव रमोन. रोमन अक्षरांत ते उलटं लिहिलं की नोमार. ही गोष्ट मला कुणीतरी बसमध्ये सांगितली होती, आणि परक्या शहरात कुणीतरी आपल्याला असं काही कौतुकाने सांगावं याचंच त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

१९९७ साली त्याला वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. १९९९ आणि २००० ला तो अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगच्या सरासरीत पहिला आला, .३५७ आणि .३७२. ही सरासरी धावांची नसते, हजार संधींमागे किती फटके लागू पडले त्याची असते. आणि रेड सॉक्स तसेच, न जिंकणारे. १९१८ पासून जगज्जेतेपद नाही. मालकाने बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूला १९१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क यँकीजना विकलं आणि तेव्हापासून संघाला शाप लागला, असं इथली शहाणीसुरती माणसंही बोलायची. मला शाप वगैरे पटत नाही. पण एका सौद्याबद्दल एखादं शहर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वाद घालू शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचे काका १९७१ ला शिकायला इथे आलेले. १९७५ ची फायनल हरताना त्यांनी पाहिली, १९८६ ची तर जिंकता जिंकता हरताना पाहिली, पहिल्या बेसवरच्या बकनरच्या पायांमधून चेंडू गेला तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठले होते. त्या दिवशी अंगणात सगळ्यात जास्त चिडलेले काका होते. ते म्हणाले, "घरातला कर्ता मुलगा आजारी पडला म्हणून शेजाऱ्याच्या दोन पोरांशी बदलायचा?"

काकांच्या बोलण्यात तथ्य होतं. नोमारच्या टाचेजवळची शीर दुखावली होती, मोसमाचे पहिले दोन महिने तो खेळलाच नव्हता. पण परत आल्यावर ३८ सामन्यांत त्याची सरासरी .३२१ होती. त्याच्या बदल्यात आलेले दोघे, माँट्रियालचा ओर्लांडो कब्रेरा आणि मिनेसोटाचा डग मिंकेविच, दोघांचीही सरासरी .२५० च्या खाली. चार संघांमधली ती गुंतागुंतीची अदलाबदल होती. मिंकेविचच्या बाबतीत तर असं झालं की रेड सॉक्स त्या दिवशी मिनेसोटातच खेळायला गेले होते, त्यामुळे त्याला फक्त एका ड्रेसिंगरूममधून सामान उचलून दुसऱ्या ड्रेसिंगरूममध्ये जायचं होतं.

संघ तेव्हा अगदी तळाला होता असं नाही, पण रुतला होता. एप्रिल झकास गेला आणि मग मे, जून, जुलै, तीन महिने एक जिंकायचा आणि एक हरायचा. १०२ सामन्यांत ५६ जिंकलेले, ४६ हरलेले. यँकीज कितीतरी पुढे. गावाबाहेरच्या रस्त्यावर चिखलात गाडी अडकली की उतरलेला प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो, तशी सगळ्या शहराची अवस्था.

सोमवारी लॅबमध्ये गेले तर तिथेही हेच. आमचे सुपरवायझर डॉर्चेस्टरचे, आयरिश आजोबांचे नातू, साठीच्या जवळ आलेले. ते प्रत्येक सामन्याचं स्कोअरकार्ड पेन्सिलीने स्वतः भरायचे. त्यांनी मला समोर बसवलं आणि वहीची पानं उलटून दाखवली. कुठला चेंडू शॉर्टस्टॉपच्या डाव्या हाताने सुटला, कुठे पहिल्या बेसवर फेक चुकली, त्यातून किती धावा फुकट गेल्या. त्यांचं म्हणणं असं की टाच दुखणारा माणूस बॅट फिरवू शकतो, पण दोन पावलं पळून चेंडू अडवू शकत नाही, आणि सामने तिथे हरतोय. शिवाय मोसम संपला की त्याचा करार संपणार, तो जाणारच. मागच्या हिवाळ्यात संघाने दुसरा शॉर्टस्टॉप आणायचा घाट घातला होता, तो फिसकटला. ते नोमारच्या मनात बसलं होतं. १ जुलैला न्यूयॉर्कमध्ये तेरा इनिंग चाललेल्या सामन्यात यँकीजचा शॉर्टस्टॉप जीटर चेंडूमागे प्रेक्षकांत झेपावला आणि रक्ताळल्या चेहऱ्याने बाहेर आला. तो सगळा वेळ नोमार बाकावर बसून होता. टीव्हीवाल्यांनी ती दोन चित्रं एकामागोमाग एक किती वेळा दाखवली असतील. सुपरवायझर म्हणाले, त्या रात्रीच तो गेला होता, आपल्याला कळलं महिन्याने.

मी त्यांना म्हणाले, दुखणं काय असतं ते बाकावर बसलेल्यालाच माहीत. ते म्हणाले, खरं आहे. आणि वही मिटून कामाला लागले. वाद घालताना समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करणारी माणसं मी फार थोडी पाहिली, ते त्यांतले एक होते.

संघाचा जनरल मॅनेजर थिओ एप्स्टाइन तेव्हा फक्त तीस वर्षांचा होता, आमच्या मैदानापासून, फेनवे पार्कपासून, हाकेच्या अंतरावर ब्रुकलाइनला वाढलेला. त्यालाही ही कारणं दिसत होती आणि ती त्याने लपवली नाहीत: चेंडू अडवता येत नसेल तर हा संघ ऑक्टोबरातल्या बाद फेरीत टिकणार नाही. मला तेव्हा हे ऐकून राग आला होता. आज ते वाक्य मला त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते का ते पुढे येईल.

त्याच दिवशी आणखी एक अदलाबदल झाली होती. पेपरात चार ओळी. लॉस एंजलिसहून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक पळणारा खेळाडू आणला, त्याच्या बदल्यात असा एक मुलगा दिला जो पुढे मोठ्या लीगमध्ये कधीच खेळला नाही. काकांच्या अंगणात त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

पुढचं जगाला माहीत आहे, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे फारसं काही बदललं नाही आणि आम्ही सगळे "बघा, आम्ही म्हणत नव्हतो" म्हणायला मोकळे झालो. मग काय झालं कोण जाणे, गाडी चिखलातून निघाली. अदलाबदलीनंतरच्या ६० सामन्यांत ४२ विजय. ऑक्टोबरात यँकीजसमोर, सातांतले चार जिंकायच्या मालिकेत, पहिले तिन्ही सामने हरलो. चौथ्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत एका धावेने मागे, समोर चेंडू टाकणारा यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. आमच्या मिलारला वॉक मिळाला, म्हणजे फटका न मारताच पहिला बेस, आणि त्याच्या जागी पळायला आला तो डेव्ह रॉबर्ट्स. आता हा दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत सुटणार, हे मैदानातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहीत होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला, तीनदा रॉबर्ट्स मागे फिरला. मग रिव्हेराने पिच टाकला आणि हा सुटला. त्याचा हात बेसवर, समोरच्याचा चेंडू धरलेला हातमोजा त्याच्या अंगावर, दोन्हीत पापणी लवण्याएवढंही अंतर नव्हतं. सेफ. आमच्या म्युलरच्या फटक्यावर तो शेवटच्या बेसवर, घरी आला, बरोबरी झाली, बाराव्या इनिंगमध्ये ओर्टिझने होम रन मारला, क्रिकेटच्या षटकारासारखा. तो धरून पुढचे आठही सामने आम्ही जिंकलो, चार यँकीजविरुद्ध आणि चार फायनलचे. यँकीजविरुद्धच्या त्या मालिकेत कब्रेराची सरासरी .३७९ होती. २७ ऑक्टोबरच्या रात्री सेंट लुइसमध्ये, वर चंद्राला ग्रहण लागलेलं असताना, शेवटचा चेंडू पहिल्या बेसवर मिंकेविचच्या हातमोज्यात पडला.

शहाऐंशी वर्षांनी. काका ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपल्या बापाच्या, आजोबांच्या कबरींवर टोप्या आणि झेंडे नेऊन ठेवले. सुपरवायझर म्हणाले, ते त्या दिवशी लॅबला येण्याआधी आईच्या थडग्यापाशी गेले होते, स्कोअरकार्ड घेऊन.

त्या रात्री मी मुलीला उठवून टीव्हीसमोर आणलं होतं. अर्धवट झोपेत ती माझ्या कुशीत होती. मी तिला म्हणाले, "बघ, बरं झालं ना त्याला पाठवलं?"

ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

त्यानंतर वाद संपला. म्हणजे सगळ्यांनी तो संपला असं ठरवलं. जिंकलो, म्हणजे बरोबर होतं. काकांनी मोठ्या मनाने मान्य केलं की आपण चुकलो. मीही मान्य केलं, आणि त्यातून एक धडा घेतला: आपल्याला खेळाडू डोळ्यांसमोर दिसतो म्हणून आपण भावनेने बोलतो, आत बसलेल्यांना सगळं चित्र दिसतं, त्यांच्यावर विश्वास ठेवावा. हा धडा मी पुढची पंधरा वर्षं उराशी धरून बसले.

जुलै २००९ मध्ये नोमार ओकलंडच्या संघातून फेनवेला खेळायला आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दोघी वरच्या रांगांत होतो. त्याचं नाव पुकारलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. किती वेळ टाळ्या वाजत होत्या ते मी मोजलं नाही. त्याने हेल्मेट काढून वर धरलं, मग पुन्हा धरलं. परत डोक्यावर घातलं आणि पट्टे ओढले. डावा, उजवा, डावा, उजवा. शेजारी माझी तेरा वर्षांची मुलगी, त्या वयात आईबरोबर बसायचंही जिथे जिवावर येतं, ती खुर्चीवर चढून ओरडत होती. पुढच्या मार्चमध्ये त्याने रेड सॉक्सबरोबर एका दिवसाचा करार केला आणि त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त झाला.

मग मुकी बेट्स आला. त्याच्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख दुप्पट होईल. २०१८ साली संघ १०८ सामने जिंकला, जगज्जेता झाला, बेट्सची सरासरी .३४६ आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मैदानात पळताना त्याच्याकडे बघणं हा एक वेगळा आनंद होता. २०१९ ला संघ घसरला, ८४ विजय, प्लेऑफ नाही. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्सला डेव्हिड प्राइस या पिचरसकट लॉस एंजलिस डॉजर्सना देऊन टाकलं. बदल्यात तीन तरुण: व्हर्डुगो, वाँग आणि जीटर डाउन्स.

मी त्या सौद्याच्या बाजूने बोलले. हे मला लिहून ठेवायचं आहे. काका विरुद्ध होते, आणि मी त्यांना २००४ ची आठवण करून दिली. मी त्यांना कराचं गणित समजावलं: खेळाडूंच्या पगाराची बेरीज त्या वर्षी २०८ दशलक्ष डॉलरच्या वर गेली की संघाला दंडाचा कर भरावा लागतो, सलग तिसऱ्या वर्षी मर्यादा ओलांडली की दर पन्नास टक्क्यांवर जातो, आपण दोन वर्षं ओलांडलीच आहे. शिवाय वर्षाअखेरीस त्याचा करार संपणार, तो जाणारच. अगदी सुपरवायझरांचंच वाक्य, सोळा वर्षांनी माझ्या तोंडी.

काका फोनवर म्हणाले, "अगं, नोमारच्या वेळी ते म्हणाले होते आपल्याला चेंडू अडवता येत नाही. आत्ता काय म्हणतायत? पैसे वाचवायचेत. फेनवेचं तिकीट काढताना आपल्याला कुणी सूट दिली का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मी हट्ट सोडला नाही.

मुलगी तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला लागली होती. तिला मी तेच ऐकवलं, २००४ सकट. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तू त्या रात्री मला म्हणाली होतीस, बरं झालं ना त्याला पाठवलं. मी जागी होते. दुसऱ्या दिवसापासून मी तो शर्ट घातला नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं की तो शर्ट तिला लहान झाला म्हणून कपाटात गेला.

ती भांडत नव्हती. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलत होती. "त्याला पाठवलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते ठीक होतं, तुलाही वाटत होतं. जिंकल्यावर तू म्हणालीस की वाईट वाटायचं कारणच नव्हतं. मग मला कळेना की मी जे रडले ते कशासाठी."

त्या वर्षी साथीमुळे मैदानं रिकामी होती. टीव्हीवर टाळ्यांचे आवाज मशीनने घातलेले. रेड सॉक्स ६० सामन्यांच्या मोसमात २४ जिंकले, ३६ हरले, गटात शेवटचे. डॉजर्सनी जुलैतच बेट्सशी बारा वर्षांचा, ३६५ दशलक्षांचा करार केला. आणि २७ ऑक्टोबर २०२० ला ते जगज्जेते झाले. शेवटच्या सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये एका फटक्यात दुसरा बेस गाठून मग बेट्सने आघाडीची धाव काढली, आठव्यात त्याने होम रन मारला. डॉजर्सचा मॅनेजर होता डेव्ह रॉबर्ट्स. पेपरातल्या चार ओळींचा तो माणूस. तारीखही तीच, २७ ऑक्टोबर. मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

व्हर्डुगो पुढे यँकीजकडे गेला. डाउन्स आमच्याकडून चौदा सामने खेळला आणि त्याला सोडून दिलं. त्या तिघांतला वाँग तेवढा टिकला.

तेव्हापासून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. निकालावरून सौदा ठरवायचा म्हटलं तर २००४ चा बरोबर आणि २०२० चा चूक, हिशेब संपला. पण तो हिशेब मला पटत नाही. रॉबर्ट्सचा हात बेसवर पोचायला डोळ्याच्या पापणीएवढा उशीर झाला असता तर? पंच आउट म्हणाला असता, संघ चार सरळ सामने हरून घरी आला असता, आणि नोमारला पाठवणं ही शहराच्या इतिहासातली घोडचूक ठरली असती. कब्रेरा तोच, मिंकेविच तोच, टाच तीच. एप्स्टाइनने जुलैत जे पाहिलं होतं ते मात्र तसंच खरं राहिलं असतं. त्याचं कारण खेळातलं होतं, वहीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं, सोमवारी सकाळी कुणालाही दाखवता येत होतं. बेट्सच्या वेळी मैदानातलं एकही कारण कुणी दिलं नाही, कारण तसं नव्हतंच. हे फेब्रुवारीतच दिसत होतं. काकांना दिसलं. मला नाही दिसलं, कारण मी २००४ चा विजय पुरावा म्हणून बरोबर घेऊन फिरत होते आणि तो पुरावा या सौद्याचा नव्हताच.

सौदा ज्या दिवशी झाला त्या दिवशीचं कारण विचारायचं, असं मी आता धरून चालते. आणि ज्याला पाठवलं त्याच्यासाठी वाईट वाटणं हे त्या हिशेबात धरायचंच नाही, ते वेगळ्या खात्यावर.

डोंबिवलीला माझा धाकटा भाऊ असतो. त्याला बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्याला गुजरातकडून मुंबई इंडियन्सनी परत घेतलं आणि डिसेंबरात पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कप्तान केलं, तेव्हा त्याचा रात्री फोन आला. "ताई, तुझं ते नोमार का कोण, आज कळलं मला." त्या मोसमात वानखेडेवर स्वतःच्याच कप्तानाची हुर्यो उडवली लोकांनी, आणि मुंबई सगळ्यांत शेवटी, दहावी आली. भाऊ म्हणाला, हरले ते बरंच झालं. मी त्याला म्हणाले, असं बोलू नकोस, उद्या जिंकले तर काय म्हणशील? पंड्या निदान स्वतःच्या मर्जीने आला होता, आणि हुर्यो उडवायला तर मी कधीच तयार होणार नाही, कुणाचीच.

मागच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा तेच. रफाएल डेव्हर्स. २०१८ च्या विजेत्या संघातला आमच्याकडे उरलेला शेवटचा खेळाडू. यँकीजना आम्ही तिन्ही सामन्यांत हरवलं, शेवटच्या दिवशी त्यानेही होम रन मारला, आणि संध्याकाळी बातमी आली की त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना दिलं. दहा वर्षांचा, ३१३.५ दशलक्षांचा करार, त्याचा बराचसा काळ अजून बाकी. बदल्यात हिक्स, हॅरिसन आणि दोन नवखे.

या वेळचं कारण पैशांचं होतं की खेळाचं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. वसंतात तिसऱ्या बेसवर खेळायला ब्रेगमनला आणलं आणि डेव्हर्सला तिसरा बेस सोडायला सांगितलं. तो नाराज झाला, पण नुसती बॅटिंग करायला तयार झाला. मेमध्ये पहिल्या बेसवरच्या कासासचा गुडघा गेला, तेव्हा त्याला तिथे उभं राहायला सांगितलं. तो उघडपणे नाही म्हणाला. मालक विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटून आले, तरी जमलं नाही. एका घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की कोणाची चूक आधी, हे बाहेरच्याने काय सांगावं. काका आता पंचाहत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेत, कानाला यंत्र आहे, पण दोन तास भांडले. त्यांचं म्हणणं, संघाने सांगितलेल्या जागी उभं राहायला नको म्हणणारा खेळाडू ठेवायचा नाही. माझं म्हणणं, ज्याला दहा वर्षांचा शब्द दिला त्याला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. "तू बदललीस," काका म्हणाले. मी म्हणाले, "हो काका."

गंमत अशी की पाचच दिवसांनी रेड सॉक्सचे सामने सॅन फ्रान्सिस्कोतच होते. शनिवारी, २१ जूनला, मुलगी मैदानावर गेली. जाताना तिने फोटो पाठवला नाही, काही सांगितलं नाही. मी इथे टीव्हीवर बघत होते. आमचा बेयो पिच करत होता, आठवड्यापूर्वीपर्यंत डेव्हर्स आणि तो एकाच बाकावर बसायचे. डेव्हर्सने त्याचा चेंडू बाहेर भिरकावून दिला. दोन धावा. जायंट्स ३-२ ने जिंकले.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मागे गर्दीचा आवाज, खाडीवरचा वारा.

"पाहिलंस?"

"पाहिलं. तू काय केलंस?"

"उभी राहिले. टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे एक रेड सॉक्सची टोपी घातलेला म्हातारा होता, तो आधी माझ्याकडे रागाने बघत होता. मग तोही उभा राहिला." ती जरा थांबली. "आई, आपण हरलो त्याचंही वाईट वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले.

वर्षअखेर आम्ही ८९ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेलो आणि यँकीजकडून हरलो. जायंट्स ८१ जिंकले, ८१ हरले. काकांनी फोन करून हे आकडे मला वाचून दाखवले आणि विचारलं, मग आता काय म्हणणं आहे? मी म्हटलं, काका, रविवारी येते, समोर बसून बोलू. दिवाळीला मुलगी घरी आली होती. तिने वरच्या कपाटातून तो लाल शर्ट काढला, इस्त्री केली आणि जाताना स्वतःच्या बॅगेत ठेवला.